फ्रिजमधलं तीन महिन्यांचं औषध

१

आमच्या चीजच्या कारखान्यात तीस वर्षांत चोरी म्हणावी अशी दोनदाच झाली. एकदा कुणीतरी नाताळच्या दिव्यांची माळ नेली, आणि दुसऱ्यांदा व्हर्ना झास्ट्रोच्या नवऱ्याचं इन्सुलिन गेलं. माळेचं कुणाला फारसं वाटलं नाही.

मी आर्लिस ब्रेके. पगार, रजा आणि कंपनीचा आरोग्य विमा माझ्या टेबलावर असतो. विम्याची पुस्तिका एकशे चार पानांची आहे आणि ती शेवटपर्यंत वाचलेली या कारखान्यात मी एकटीच. त्यामुळे डॉक्टरने चिठ्ठी दिली की माणसं औषधाच्या दुकानाआधी माझ्याकडे येतात. मी सांगते, मोठ्या नावाचं मागू नकोस, साध्या नावाचं माग, आत तेच असतं. रोजची गोळी असेल तर गावातल्या दुकानातून दर महिन्याला घेऊ नकोस, टपालाने तीन महिन्यांची मागव, दोन महिन्यांच्या पैशात येते. या एवढ्या सांगण्यावर नाताळात मला इतके केक येतात की शेजाऱ्यांत वाटावे लागतात.

इन्सुलिनची मात्र एक अडचण होती. नोव्हेंबरपासून आमच्या उत्तर विस्कॉन्सिनात कुरियरवाला ओसरीवर खोकं ठेवून गेला, की संध्याकाळपर्यंत आतलं औषध गोठतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी त्याची किंमत पाण्याएवढीच. म्हणून थंडीत औषध कारखान्याच्या पत्त्यावर मागवायचं, हा तोडगा मीच काढला होता. त्याचा मला अभिमानही होता.

ही गोष्ट २०१६ची, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातल्या सोमवारची. दहाच्या सुट्टीत व्हर्ना बगलेत थर्माकोलचं पांढरं खोकं घेऊन आली आणि तिने ते माझ्या टेबलावर ठेवलं. ती पॅकिंगला असते, तिच्या डोक्यावर अजून केसांची जाळी होती.

"शुक्रवारी दुपारी तूच माझ्या हातात दिलंस हे," ती म्हणाली. "मी फ्रिजमध्ये ठेवलं. सुटताना घरी न्यायचं, तर लेकीचा फोन आला, कळा सुरू झाल्यात म्हणून. मी तशीच पळाले."

"नात झाली ना? अभिनंदन गं."

"नातीचं नंतर. आज सकाळी आले तर खोकं फ्रिजमध्येच होतं. दारावर ऑरिनची चिठ्ठी, 'व्हर्ना, मला भेट.' फ्रिजमध्ये जागा अडवली म्हणून झापणार असेल, घातली कचऱ्यात. आत्ता म्हटलं, खोकं गाडीत नेऊन ठेवावं, तर हलकं लागलं."

तिने झाकण काढलं. आत बर्फाच्या दोन पिशव्या आणि सुयांची पाकिटं होती. इन्सुलिनच्या पेनांचे सहा डबे असायला हवे होते, त्यांतला एकही नव्हता.

२

व्हर्नाचा नवरा लेलँड चाळीस गायी पाळतो. आमच्याकडे बहुतेक घरांत असंच आहे, गायी त्याच्या आणि विमा तिचा. शेतकऱ्याने स्वतःच्या नावाने विमा घ्यायचा तर वर्षाला दोन गायी त्यातच जातील. म्हणून व्हर्ना सोळा वर्षं कारखान्यात उभी आहे, आणि तिच्या विम्यावर लेलँडच्या दंडात रोज सुई जाते.

"घरी किती आहे?" मी विचारलं.

"आज रात्रीपुरतं. उद्या सकाळी नाही."

मी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई अगदी गोड होती. तीन महिन्यांचं औषध शुक्रवारी पोचल्याची नोंद आहे, पुढचं सहा फेब्रुवारीला मिळेल. चोरीला गेलं असेल तर शेरीफचा कागद लावून अर्ज करा, कामाच्या दहा दिवसांत निर्णय कळवू.

"दहा दिवस माणूस इन्सुलिनशिवाय राहत नाही हो," मी म्हटलं.

"समजू शकते मी," ती म्हणाली, आणि मला वाटतं खरंच समजत होती. पण तिच्या हातात काही नव्हतं.

विम्याशिवाय दुकानातून घ्यायचं तर त्या वर्षी एका डब्याला पाचशे डॉलर पडत. व्हर्नाकडे पाचशे होते, पण ते घर तापवायच्या गॅससाठी बाजूला ठेवलेले. शिवाय एका डब्यात लेलँडचे जेमतेम पंधरा दिवस निघतात. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि खुर्चीत बसली. सोळा वर्षांत ती माझ्यासमोर बसलेली मला आठवत नाही.

मला तिच्याकडे बघवेना. टपालाने मागव, कारखान्यात मागव, हे सगळं माझंच सांगणं.

"तीनला पाळी सुटते," मी म्हटलं. "तोवर मला वेळ दे. मी शोधते."

"तीनपर्यंत. मग शेरीफला बोलवायचं," व्हर्ना म्हणाली. "आणि त्याला म्हणावं, इकडेतिकडे फिरू नकोस, सरळ त्या नव्या कोरिनच्या कपाटाकडे जा."

"कोरिन का?"

"तिलाही मधुमेह आहे. आणि तिला विमा नाही. आणखी काय पाहिजे?"

३

मी आधी जेवणाच्या खोलीत गेले. फ्रिजच्या दारावर ऑरिन स्टुबेच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, चौकटीत आखलेल्या, ठळक अक्षरात. नाव नसलेला डबा शुक्रवारी तीनला फेकला जाईल. कपाट आतून पुसावे. मासे आणू नयेत. ऑरिन हा चीज मुरवायच्या खोलीचा मुख्य. त्याला नियम इतके आवडतात की आम्ही त्याला सुट्टीतही घाबरून असतो. त्या दिवशी तो आम्हाला भेटणारच नव्हता. आमचं चीज घेणाऱ्या मोठ्या दुकानांचा ऑडिटर आठ वाजता आला होता आणि दोघं मुरवायच्या खोलीत बंद होते. आत फोन नेत नाहीत, बाहेरचं कुणी जात नाही.

फ्रिज उघडला तर हरणाचं मांस. कागदात बांधलेले पुडे वरपासून खालपर्यंत, प्रत्येकावर 'ड्यूई'. दुधाची बाटली उचलली, तर आत दूध नव्हतं, दगड होता. थंडीची कळ नऊवर होती. नऊच्या पुढे आकडेच नाहीत.

व्हर्नाचं खोकं मी पुन्हा नीट पाहिलं. चिकटपट्टी फाडलेली नव्हती, धारदार पात्याने एका रेषेत कापली होती. बर्फाच्या पिशव्या एकीवर एक रचलेल्या. सुयांची पाकिटं जशीच्या तशी, झाकण परत बसवलेलं. इतका टापटिपीचा चोर मी पाहिला नव्हता.

ड्यूई पागेल फोर्कलिफ्ट चालवतो. तो मला गोदामाच्या दारात सापडला.

"शनिवारी पहाटेच पाडला बघ," तो म्हणाला. "आठ टोकांची शिंगं."

"शिंगं नंतर सांग. मांस इथे का आणलंस?"

"घरच्या फ्रीजरमध्ये बायकोची थँक्सगिव्हिंगची टर्की बसलीय महाराणीसारखी. तिला हलवू देत नाही. म्हणून काल रविवारच्या पाळीला येताना इथे आणलं. कळ जरा चढवली."

"जरा? नऊवर आहे."

"मग, मांस नासू देऊ?"

"पांढरं खोकं होतं आत, ते पाहिलंस?"

"ते होय? ते मीच मागे ढकललं, पार भिंतीला. मला जागा लागत होती ना."

मागची भिंत म्हणजे फ्रिजमधली सगळ्यात गार जागा. आपण काय केलं हे ड्यूईच्या लक्षातही आलं नव्हतं. दरवर्षी शिकारीचा हंगाम आला की आमच्याकडच्या शहाण्या माणसांच्या डोक्यात हरणाशिवाय काही शिरत नाही, तसा तोही.

"आर्लिस, माझ्यावर घालू नकोस हं," तो म्हणाला. "ती नवी कोरिन रोज जेवणाआधी सुई घेऊन न्हाणीघरात जाते. सगळ्यांना माहितीय."

बाराला सगळे जेवायला बसले. मी दारातच होते. कोरिन आपला डबा उघडून एकटी बसली होती. व्हर्ना उठली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू चोर आहेस."

४

कोरिनने डबा बंद केला आणि ती बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले.

कोरिन लोबेक बावन्न वर्षांची आहे. तिने सत्तावीस वर्षं कागदाच्या मिलमध्ये काढली, मिल बंद पडली आणि ती आमच्याकडे आली. आमच्याकडे नव्या माणसाला नव्वद दिवसांनी विमा लागू होतो. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, त्याआधी काही होऊ शकतं का. मी नाही म्हटलं होतं. मी तेव्हा कारण विचारलं नाही.

"आर्लिसबाई, तुम्ही येणार हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "दहाच्या सुट्टीपासून सगळ्या माझ्या पिशवीकडे बघतायत. घ्या, तुम्हीही बघा."

पिशवीत एक काचेची बाटली होती, तळाशी थोडं औषध उरलेली.

"मिलच्या विम्यावर माझी पेनंच होती, लेलँडची आहेत तीच. आता हे जुन्या पद्धतीचं. मोठ्या दुकानात चिठ्ठीशिवाय पंचवीस डॉलरला मिळतं. अशा दोन प्रकारच्या बाटल्या लागतात, वर रक्त तपासायच्या पट्ट्या."

"पुरतं का?"

"पुरवते. पाव सोडलाय, बटाटा सोडलाय, मात्रा थोडी कमी घेते. एकोणीस दिवस राहिलेत, आर्लिसबाई. एकोणीस दिवसांत काय होतंय."

काय होतं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिचे डोळे खोल गेले होते आणि जॅकेट खांद्यांवरून लोंबत होतं. मी रोज तिला बघत होते आणि माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. मला शरम वाटली.

"मी घेतलं असतं ना, तर सुया सोडल्या नसत्या," ती म्हणाली. "सुईशिवाय पेन काय कामाचं? आणि गोठलेलं इन्सुलिन घेऊन मी काय करू?"

मी थबकले. फ्रिजची कळ मी खाली आणली होती, पण गोठण्याबद्दल अवाक्षर कुणाशी बोलले नव्हते.

"गोठलंय हे तुला कसं कळलं, कोरिन?"

५

"पावणेसातला दूध घ्यायला गेले होते," ती शांतपणे म्हणाली. "बाटली उलटी केली तरी थेंब पडेना. दूध गोठलं तर बाजूचं औषध गोठणारच. मी काळीच कॉफी प्यायले."

काळी कॉफी. मी तिथेच भिंतीला टेकले.

सकाळी आठला ऑडिटरचं नाव नोंदवायला ऑरिन माझ्या टेबलापाशी आला होता. त्याच्या हातात कप होता. ऑरिनची कॉफी म्हणजे दूधच, कॉफी नावाला. त्या दिवशी मात्र कपात शाईसारखी काळी कॉफी होती. मी त्याला चिडवलंही होतं, "ऑडिटरने आधीच तोंड कडू केलं वाटतं." तो म्हणाला होता, "दूध नाही." आणि मी ते तिथेच सोडून दिलं.

आता सगळं ओळीने मांडता येत होतं. ऑरिन पाचला येतो, सगळ्यांच्या आधी. म्हणजे दूध गोठलेलं त्याने सगळ्यांच्या आधी पाहिलं. बाकीचे खिशात कंगवा ठेवतात, हा तापमापक ठेवतो, आणि दुसऱ्या खिशात चीज कापायचं धारदार पातं. त्याच्यासमोर खोकं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, थंड ठेवा, गोठू देऊ नका. आमच्या फॅरनहाइटच्या मापात पाण्याला गोठायला बत्तीस अंश लागतात, इन्सुलिनला चाळीसच्या आसपास ठेवायचं असतं. या कारखान्यात बारा महिने अचूक चाळीस अंश असलेली एकच खोली आहे आणि तिची किल्ली ऑरिनकडे असते. त्या खोलीत थर्माकोल आणि पुठ्ठा नेत नाहीत, म्हणून खोकं मागे राहिलं. सुयांना थंडीने काही होत नाही, म्हणून त्या राहिल्या. आणि व्हर्नाने न वाचल्यासारखी वाचून कचऱ्यात टाकलेली ती चिठ्ठी रागाची नव्हतीच. ऑरिनने आजवर इतक्यांदा झापलंय, की तो मदतीला बोलावतोय हे कुणाच्या मनातही आलं नाही.

हे सगळं छान जुळलं, आणि मग मला त्या खोलीचा नियम आठवला. मुरवायच्या खोलीत चीजखेरीज काही ठेवायचं नाही, औषध तर नाहीच नाही. हा नियम ऑरिननेच लिहिलेला. कुणाच्या हाती ते सापडलं असतं, तर ऑरिनने स्वतः त्याला घरी पाठवलं असतं. आणि या क्षणी तो त्या खोलीत ऑडिटरबरोबर उभा होता.

आपलं अनुमान चुकलं असेल तर व्हर्नाचे दोन तास फुकट जातील, आणि बरोबर असेल तर मी तोंड उघडताच ऑरिनची नोकरी जाईल. मी जाऊन काचेच्या दारावर टकटक केली. ऑरिनने दार बोटभर उघडलं. मागे उंच ऑडिटर हातात कागद लावलेली फळी धरून उभा होता.

"आर्लिस, आत्ता नाही."

"एकच विचारते. सकाळी तुझ्या कॉफीत दूध का नव्हतं?"

ऑडिटरने मान वर केली.

"गोठलं होतं," ऑरिन म्हणाला.

"आणि जे गोठायला नको होतं, ते?"

"चाळीस अंशावर आहे. पहाटेपासून." मग त्याचा आवाज चढला. "चिठ्ठी लावली होती मी. या कारखान्यात कुणाला वाचता येत नाही का?"

दार बंद झालं. मला इतकं हायसं वाटलं की त्या दाराकडे बघून मी थँक्यू म्हटलं.

६

तीनला ऑरिन झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन जेवणाच्या खोलीत आला आणि त्याने तो व्हर्नापुढे ठेवला. त्यात सहाच्या सहा डबे होते.

"पहाटे खोक्याच्या आत पस्तीस अंश होतं," तो म्हणाला. "थर्माकोलने वाचवलं. ड्यूईचं मांस होतं म्हणून कळ तशीच ठेवली, औषध हलवलं. एकेक पेन उजेडात धरून पाहिलं, एकही गोठलेलं नाही. अजून एक तास तिथे राहिलं असतं तर गेलं असतं. तुला म्हटलं होतं मला भेट."

"मला वाटलं झापणार आहेस."

"झापणारही होतो. शुक्रवारपासून जागा अडवलीस."

व्हर्ना रडायला लागली आणि तिने त्याला मिठी मारली. ऑरिन खांबासारखा उभा राहिला. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना.

"आणि ऑडिटर?" मी हळूच विचारलं.

"सांगितलं त्याला. मीच."

"अरे, कशाला?"

"माझ्या खोलीत बाहेरची वस्तू होती, आर्लिस. त्याने एक शेरा लिहिला. तीस वर्षांत पहिला. शेरा योग्य आहे. चीजला उत्तम म्हणाला."

या माणसाच्या चिठ्ठ्यांना मी तीस वर्षं हसले आहे. त्या दिवशी मी त्याचे आभार मानले, सगळ्यांदेखत, मोठ्याने, आणि मला त्याची लाज वाटली नाही. लेलँडच्या तीन महिन्यांसाठी त्याने आपला तीस वर्षांचा कोरा कागद दिला होता, आणि त्याच्या मते त्यात विशेष काही नव्हतं.

ड्यूईचा चेहरा मात्र पडला होता. मी त्याला कळीचं सगळं समजावलं होतं. तो कुणाशी न बोलता तव्यावर हरणाचं मांस परतत होता, सगळ्यांसाठी, पुड्यांमागून पुडे उघडत.

व्हर्नाने डोळे पुसले. मग मी तिला बाजूला घेऊन कोरिनच्या बाटलीबद्दल सांगितलं, पावाबद्दल सांगितलं, एकोणीस दिवसांबद्दल सांगितलं. कोरिनच्या गोष्टी मी तिला विचारल्याशिवाय सांगायला नको होत्या, ते मला मान्य आहे.

व्हर्नाने सहांतला एक डबा उचलला, वर सुयांचं एक पाकीट ठेवलं आणि कोपऱ्यात जाऊन ते कोरिनपुढे सरकवलं.

"तुझा विमा सुरू झाला की पहिल्या खोक्यातून परत दे," ती म्हणाली. "टपालाने मागव. तीन महिन्यांचं दोन महिन्यांच्या पैशात येतं. आर्लिसला विचार."

"लेलँडला कमी पडेल."

"फेब्रुवारीपर्यंत पाच पुरतात. सहावा शेवटी लागतो, तोवर तू देशील."

एकाच्या चिठ्ठीवरचं औषध दुसऱ्याला देणं कायद्यात बसत नाही. पुस्तिकेत पान एकोणसाठवर ते ठळक छापलंय. मी विम्याची कारकून, म्हणून मी खिडकीपाशी जाऊन बाहेर उभ्या दुधाच्या टँकरकडे बघत राहिले. पण आधी एक केलं, कोरिनच्या हातात माझा फोन दिला आणि तिच्या दवाखान्यातल्या नर्सला मात्रा विचारायला लावली. नर्सने जुनीच मात्रा सांगितली, पूर्ण. कोरिनने ती दोनदा विचारून घेतली.

त्या दिवशी ती न्हाणीघरात गेली नाही. टेबलाशी बसूनच तिने रक्त तपासलं, पेनावर मात्रेचा आकडा लावला, सुई टोचली आणि मनात दहापर्यंत मोजलं. एकाहत्तर दिवसांत पहिल्यांदा तिला हवं तेवढं औषध तिच्या अंगात गेलं होतं. ड्यूईने पावात मांस घालून ताटली तिच्यापुढे ठेवली आणि कान लाल करून निघून गेला. व्हर्ना समोरच्या खुर्चीत बसली.

कोरिन पावाकडे बघत राहिली.

"दुपारी तू मला चोर म्हणालीस," ती म्हणाली.

"म्हणाले," व्हर्ना म्हणाली. "चुकले. आता जेव."